अकरा राग, दहा वादक

1968 साली एचएमव्हीने ‘रागा-जॅझ स्टाइल’ नावाची एक एलपी बाजारात आणली. नाव शंकर-जयकिशन यांचं. ‘बरसात’पासून जवळजवळ वीस वर्षं हिंदी सिनेमा गाजवणाऱ्या या जोडीच्या नावावर तबकडी खपेल, असा कंपनीचा साधा हिशेब असणार. पण या तबकडीत सिनेमाचं काहीच नव्हतं. गायक नाही, शब्द नाहीत, प्रसंग नाही. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि शेवटी मैफिलीच्या रिवाजाप्रमाणे भैरवी, असे अकरा राग होते. प्रत्येक राग तीन-चार मिनिटांत मांडलेला आणि तोही जॅझच्या छोट्या ताफ्याने. सतारीवर रईस खान, ट्रम्पेटवर जॉन परेरा, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, बासरीवर सुमंत राज, पियानोवर लुसिला पाशेको, इलेक्ट्रिक गिटारवर अनिबाल कास्त्रो आणि दिलीप नाईक, बासवर एडी त्रावास, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो आणि तबल्यावर रमाकांत. दहा माणसं. जॅझच्या हिशेबात हा थोडा मोठाच कॉम्बो म्हणावा लागेल. पण शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा बसलेल्या असत, त्यापुढे तो अगदीच सुटसुटीत होता. ही तबकडी ‘पूर्व-पश्चिम संगम’ या नावाखाली टाकून देण्याची पद्धत पडली आहे. कौतुक करणारे तिला धाडसी प्रयोग म्हणतात, नाकं मुरडणारे तिला गंमत म्हणतात. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट निसटते. रागाची आणि जॅझची गाठ या तबकडीत पहिल्यांदा पडली, असं झालेलंच नाही. ती गाठ आधीची तीसेक वर्षं मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या स्टुडिओंत, वादकांच्या रोजच्या कामात पडत आली होती. तबकडीने ती उघड्यावर आणली आणि ज्यांच्या हातून ती पडली त्यांची नावं त्यांच्या वाद्यांसकट नोंदवली. तिचं ऐतिहासिक मोल मला इथे दिसतं.

ही वाट गोव्यातून सुरू होते. पोर्तुगीज अमलात चर्चच्या छत्राखाली चालणाऱ्या गावोगावच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, त्यांना व्हायोलिन धरायला लावत, चार आवाजांत गायला लावत. त्या शाळांतल्या ‘मेस्त्रीं’नी जे शिकवलं त्याचा उपयोग गोव्यात चर्चच्या प्रार्थनेपलीकडे, लग्नाच्या बँडपलीकडे फारसा नव्हता. म्हणून ही माणसं बाहेर पडली. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पलटणींचे बँड, संस्थानिकांचे दरबार, मूकपटांच्या थिएटरांतले वाद्यमेळ, रेल्वेची इन्स्टिट्यूट, बोटी, जिथे नोटेशन वाचू शकणारा माणूस हवा तिथे गोवेकर हजर असे. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, तेव्हा या नोटेशन वाचणाऱ्या माणसांसमोर एक नवंच कोडं उभं राहिलं. हे अमेरिकी वादक कागदावरचं वाजवत होतेच. पण कागदावर नसलेलंही बरंच वाजवत होते. तालाच्या किंचित मागे राहणं, स्वर खाली ओढणं, एकाच धुनीचं प्रत्येक फेरीत वेगळं रूप करणं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. फ्रँक फर्नांड यांच्यासारखे तरुण ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांच्या बँडमध्ये शेजारी बसूनच ते शिकले. म्हणजे कागदावर वाढलेल्या या वादकांना कानाने, गुरूजवळ बसून शिकण्याची सवय लावली ती अमेरिकेतून आलेल्या माणसांनी. हिंदुस्थानी संगीतातली तालीम याहून फार वेगळी नसते, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

मग दोन धक्के बसले. फाळणीने लाहोर गेलं. सेबॅस्टियन डिसूझा तिथल्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत. ते मुंबईत आले आणि 1950 च्या दशकात शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले. दुसरा धक्का मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाच्या 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा. दारू गेली तशी हॉटेलांतल्या नाचाच्या रात्रींची रया गेली, बँड लहान झाले, अनेकांची नोकरी गेली. सिनेमाला मात्र याच काळात वाजवणारी माणसं हवी होती, आणि आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे राम नरहर चितळकर, त्यांना दार उघडून देणाऱ्यांत पहिल्या रांगेत होते. ‘शहनाई’ (1947), ‘समाधी’ (1950), ‘अलबेला’ (1951) या चित्रपटांतल्या त्यांच्या गाण्यांतला जोश निम्मा तरी त्या ट्रम्पेटचा आणि ड्रमचा आहे. त्यांचे साहाय्यक होते चिक चॉकोलेट, म्हणजे आल्दोन्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, ज्यांना लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’त मास्टर भगवान नाचतात तेव्हा मागे पडद्यावर खुद्द चिक चॉकोलेट आणि त्यांचे साथीदार दिसतात. अशी पडद्यावर दिसण्याची संधी फार थोड्यांना मिळाली. 1967 मध्ये चिक गेले. ‘रागा-जॅझ’ त्यांनी ऐकली नाही.

स्टुडिओत काम कसं चाले, हे नीट समजून घेतलं तर पुढचा सगळा युक्तिवाद सोपा होतो. संगीतकार पेटीवर धून बसवी, गाऊन दाखवी. अरेंजर ती लिहून घेई, तिच्याखाली कॉर्ड मांडी, दोन ओळींच्या मधल्या जागा भरी, गायकाच्या आवाजामागून व्हायोलिनची दुसरी धून फिरवी. सेबॅस्टियन यांचं हे कसब शंकर-जयकिशन यांच्या अनेक गाण्यांत सहज ओळखता येतं. शेजारी ठेक्याचं खातं दत्ताराम वाडकरांकडे असे, तेही मूळ गोव्याचेच. मग सत्तर-ऐंशी माणसं कागद समोर ठेवून बसत आणि दिवसाला एक-दोन गाणी वाजवून मोकळी होत. या माणसांना राग कोणी शिकवला नव्हता. पण पंधरा-वीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ पिलू, शिवरंजनी, भैरवी वाजवल्यावर सॅक्सोफोनवाल्याच्या ओठांना मींड कळू लागली होती, गिटारवाल्याच्या बोटाला तार ओढून कोमल गंधार कुठे ठेवायचा ते कळू लागलं होतं. मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन हिंदी गाण्यांत गायकासारखा वळतो, तो याच अनुभवातून. आणि एवढं होऊनही गाण्याच्या तबकडीवर नाव यायचं ते गायकाचं, संगीतकाराचं, कधी गीतकाराचं. वादकाचं नाव येण्याचा रिवाजच नव्हता.

एका नावाखाली अनेकांचं काम झाकलं जाण्याचं त्या काळातलं सर्वांत मोठं उदाहरण संगीतातलं नाही. लाहोर गेल्यामुळे भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी चंदीगड उभारण्यात आलं. ते ल कॉर्ब्युझिए यांचं शहर म्हणून जगाला माहीत आहे. गंमत अशी की याच कॉर्ब्युझिए यांनी 1930 च्या दशकात न्यूयॉर्क पाहून आल्यावर लिहिलेल्या पुस्तकात आर्मस्ट्राँग यांच्या वादनाबद्दल भारावून लिहिलं आणि जॅझचं नातं मॅनहॅटनच्या इमारतींशी जोडलं. पण चंदीगडची घरं, शाळा, दवाखाने, बाजार हे मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू, पिएर जानरे यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण भारतीय वास्तुरचनाकारांनी रेखाटले. मनमोहननाथ शर्मा, आदित्य प्रकाश, उर्मिला युली चौधरी, जीत मल्होत्रा, आणि त्यांच्यातच एक मराठी नाव, प्रभावळकर. इथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी स्थानिक सुतारांनी बनवलेल्या खुर्च्या आज परदेशातल्या लिलावांत जानरे यांच्या नावाने विकल्या जातात. सुताराचं नाव त्या लिलावाच्या यादीत नसतं. लाहोरच्या जाण्यातून पंजाबला नवं शहर मिळालं आणि मुंबईच्या स्टुडिओंना काही उत्तम वादक मिळाले. दोन्हीकडे परक्या घडणीचं तंत्र इथल्या हातांनी इथल्या गरजेला वळवलं आणि दोन्हीकडे ते हात बराच काळ अदृश्य राहिले. नेहरूंच्या काळातली आधुनिकता कोणी आणली हा प्रश्न विचारताना केवळ मोठ्या सह्या पाहिल्या तर उत्तर चुकतं, एवढ्यासाठी हे वळण घेतलं.

जॅझच्या जगात मात्र वादकाचं नाव सांगण्याची शिस्त जुनी आहे. आर्मस्ट्राँग यांचा ‘हॉट फाइव्ह’ ऐकणारा माणूस क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स आणि ट्रॉम्बोनवर किड ओरी आहेत हे जाणून ऐकतो. यामागे केवळ सौजन्य नाही, त्या संगीताची रचनाच तशी आहे. पाच-सहा माणसांच्या ताफ्यात कोणाच्या आड कोणाला लपता येत नाही. ड्रमवाला एक झांज हलकी वाजवतो तर सगळ्या तुकड्याचा रंग पालटतो. म्हणून तुकडा कोणाचा हे विचारलं तर वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं घ्यावी लागतात. ‘रागा-जॅझ’ करताना शंकर-जयकिशन यांनी सिनेमाचा मोठा मेळ बाजूला ठेवून हा छोटा ताफा निवडला, आणि त्या निवडीबरोबरच नावं देण्याची शिस्तही आली. गाण्यामागे जी माणसं, दिलीप नाईक किंवा लुसिला पाशेको, नुसती ‘गिटार’ आणि ‘पियानो’ होती, ती इथे नावानिशी पुढे आली. दहा जणांत लुसिला एकटी बाई होती, आणि ताफ्यातला पियानो म्हणजे सगळ्या कॉर्डांचा आधार, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

आता संगीताकडे. रागाला हार्मनी चालत नाही, असं आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते तपासून पाहावंसं कोणाला वाटत नाही. तक्रारीत तथ्य आहे. पण ते सगळ्या रागांना सारखं लागू नाही. तबकडीवरच्या अकरांपैकी चार राग पाच स्वरांचे आहेत: मालकंस, कलावती, बैरागी आणि शिवरंजनी. शिवरंजनीचे स्वर घ्या. सा, रे, कोमल ग, प, ध. हे पाचही एकदम पियानोवर दाबले तर जॅझवाल्यांचा रोजच्या वापरातला ‘मायनर सिक्स-नाइन’ कॉर्ड तयार होतो. एकही स्वर घालावा लागत नाही, एकही वगळावा लागत नाही. कलावतीचे सा, ग, प, ध, कोमल नी एकत्र केले की ज्या कॉर्डावर ब्लूजची सगळी इमारत उभी असते तो सेव्हन्थ कॉर्ड मिळतो, वर तेरावा स्वर शोभेला. मालकंसचे पाच स्वर मध्यमापासून मोजायला सुरुवात केली तर गिटार शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या महिन्यात येणारी मायनर पेंटॅटॉनिक सरगम हाती येते. म्हणजे या रागांत पियानोवादकाने रागाची चौकट न मोडता कॉर्ड द्यायचा म्हटलं तर तो रागाच्या पोटातच तयार आहे. शंकर-जयकिशन यांनी शिवरंजनी ‘सूरज’ (1966) आणि ‘ब्रह्मचारी’ (1968) या चित्रपटांतल्या गाण्यांत त्याच सुमारास वापरला होता. कॉर्डांशी त्याचं किती जमतं हे त्यांच्या वादकांना पाठ झालेलं होतं.

उलट तोडी आणि मियाँ मल्हार पाहा. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही खाली उतरतो, मियाँ मल्हारचा गंधार आंदोलित असतो, एका जागी उभाच राहत नाही. पियानोच्या पट्टीला हे शक्य नाही. पट्टी जिथे आहे तिथेच वाजणार. भैरवातल्या रिषभाची अडचण याच जातीची. इथे कॉर्ड देणाऱ्या वाद्याने गप्प राहणं किंवा नुसता षड्ज-पंचम धरणं एवढाच सभ्य मार्ग उरतो, आणि रागाचा सगळा भार सतारीवर पडतो. म्हणून माझ्या मते या तबकडीचे खरे यशस्वी तुकडे पाच स्वरांच्या रागांत आणि मिश्र पिलू, भैरवीसारख्या मोकळ्या रागांत शोधावेत. तोडीत सतार जिंकते आणि ताफा मागे राहतो. हा दोष आहेच. पण तो दोष कुठून येतो हे कळलं की जिथे जमलंय तिथे ते योगायोगाने जमलेलं नाही, हेही कळतं.

तबकडीच्या आधीच्या दहा वर्षांत जॅझही कॉर्डांच्या गर्दीतून बाहेर पडत होता. माइल्स डेव्हिस यांनी 1959 मध्ये सहा जणांच्या ताफ्यासह ‘काइंड ऑफ ब्लू’ ध्वनिमुद्रित केली. तिच्यातला पहिला तुकडा सोळा मात्रागट एकाच सरगमेवर थांबतो, ती सरगम म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर. दर दोन मात्रांना कॉर्ड बदलण्याची धावपळ सोडून एकाच स्वरसमूहात राहून बढत करायची, ही कल्पना हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. जॉन कोल्ट्रेन यांनी 1961 मध्ये एका तुकड्याला ‘इंडिया’ असं नावच दिलं. 1958 मध्ये डेव्ह ब्रूबेक यांचा चौघांचा ताफा भारतात आला तेव्हा मुंबईत ब्रूबेक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्यासोबत बसून वाजवून गेले. जाफर खान स्वतः सिनेमासाठीही सतार वाजवत. 1968 पर्यंत दोन्ही बाजू एकमेकींकडे इतकं चालून आल्या होत्या की मुंबईच्या वादकांना उडी मारावी लागली नाही, पाऊल टाकावं लागलं.

या तबकडीवरचा पहिला आक्षेप जॅझवाल्यांचा. इथे उत्स्फूर्त वादन फार थोडं आहे, बरंचसं लिहून ठेवलेलं आहे, मग हा जॅझ कसला? आक्षेपातलं वर्णन बरोबर आहे. सतारीला मोकळीक आहे, बाकीच्यांना आखून दिलेल्या जागा आहेत. पण जॅझच्या इतिहासात लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या संगीताची सरमिसळ पहिल्यापासून आहे. ड्यूक एलिंग्टन यांचं अर्धं कर्तृत्व कागदावर आहे. आणि ‘हे नुसतं स्टुडिओत जमवलेलं टोळकं होतं, रंगमंचावर कधी वाजवलं नाही’ असं म्हणायचं असेल तर 1925 ते 28 मधला आर्मस्ट्राँग यांचा ‘हॉट फाइव्ह’सुद्धा तबकड्यांसाठीच जमवलेला ताफा होता, लोकांसमोर तो जवळजवळ वाजलाच नाही. पाहायचं ते एवढंच की वाजवणारे एकमेकांचं ऐकताहेत का. ड्रम आणि तबला एकाच वेळी वाजतात तेव्हा हे लगेच कळतं, कारण दोघांनी जागा वाटून घेतली नाही तर नुसता गलबला होतो. गोदिन्हो आणि रमाकांत यांचं या तबकडीत तसं होत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या बाजूचा, आणि मराठी रसिकाच्या तोंडी तो जास्त येतो. आलाप नाही, बढत नाही, तोडीपाठोपाठ भैरव आणि लगेच मध्यरात्रीचा मालकंस. तीन मिनिटांत राग कसा मावणार? हा आक्षेप महाराष्ट्रात घेतला जावा याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. मिरजेचे अब्दुल करीम खाँ आपल्या आजोबांच्या पिढीला माहीत झाले ते तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्यांतून. हिराबाई बडोदेकरांचं तेच. केसरबाई केरकर गोव्यातल्या केरीच्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, तिथे ती अपुरी आहे असं कोणी म्हटलं नाही. नाट्यसंगीताने तर दोन-चार मिनिटांत राग उभा करण्याची कला घरोघरी पोचवली. थोड्या वेळात राग मावत नाही हे खरं नाही. थोड्या वेळात रागाची एक बाजूच दाखवता येते, आणि कोणती बाजू दाखवायची हे ठरवायला जाण लागते. ती जाण शंकर-जयकिशन यांच्याकडे होती याचा पुरावा ‘बसंत बहार’ (1956) हा चित्रपट आहे, ज्यासाठी भीमसेन जोशी मन्ना डे यांच्यासोबत गायले. रागांच्या वेळेचा नियम या तबकडीत पाळलेला नाही, हे खरं. पण अकरा रागांची एलपी नियमाने ऐकायची तर दिवसभर सुई उचलत-ठेवत बसावं लागेल.

याच जागी बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांची आठवण येते. 1952 ते 1962 ते केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार करणारे म्हणून ते ओळखले जातात. अभिजात संगीत घराघरांत पोचवण्याची त्यांची तळमळ खोटी नव्हती. आकाशवाणीच्या शास्त्रीय संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने अनेक कलावंतांना श्रोते मिळवून दिले. पण सिनेमाचं संगीत म्हणजे रागाचा विटाळ ही त्यांची समजूत वस्तुस्थितीला धरून नव्हती. आकाशवाणीने पेटीवर 1940 पासून 1971 पर्यंत बंदी ठेवली, तिचे स्वर हिंदुस्थानी संगीताला जुळत नाहीत म्हणून. तो शास्त्राचा मुद्दा होताच, आणि वर तोडीबद्दल तोच मांडला आहे. पण ज्या काळात नभोवाणी हे स्वर वेगळे ठेवू पाहत होती, त्याच काळात मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे सॅक्सोफोनवाले आणि उत्तरेचे सतारिये एकाच ताटात जेवत होते. लोक रेडिओ सिलोन लावत आणि त्यांचं काम ऐकत. ‘रागा-जॅझ’ ही तबकडी त्या दहा वर्षांना वाजवून दिलेलं उत्तर म्हणून ऐकली तर तिची जागा अधिक नेमकी कळते.

तिसरा आक्षेप कालक्रमाचा. कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचे जो हॅरियट यांनी लंडनमध्ये ‘इंडो-जॅझ स्वीट’ 1966 मध्येच आणली होती. त्याआधी 1962 मध्ये रविशंकर यांनी अमेरिकी जॅझ वादकांसोबत ध्वनिमुद्रण केलं होतं. मग मुंबईने नवं काय केलं? पहिलेपणाचा मान मुंबईला द्यावा असं माझं म्हणणंच नाही. पण दोन्ही ताफ्यांची बैठक शेजारी ठेवून पाहावी. लंडनला पाच जण जॅझचे आणि पाच जण हिंदुस्थानी वाद्यांचे, असा दुहेरी ताफा होता, आणि त्याचं सौंदर्य दोन बाजूंच्या समोरासमोर येण्यात आहे. मुंबईतही वादक दहाच. पण बाजू पाडायला गेलं तर पडत नाहीत. मनोहारी सिंग कोणत्या बाजूचे? मूळ नेपाळी घराण्यातले, कोलकात्यात वाढलेले, सॅक्सोफोन वाजवणारे आणि रोज हिंदी गाणं वाजवून घर चालवणारे. मेवाती घराण्याचे रईस खान निखळ हिंदुस्थानी बाजूचे म्हणावेत, तर कित्येक चित्रपटगीतांतली सतार त्यांचीच. लंडनमधला ताफा भेटीसाठी जमला होता. मुंबईतल्या या माणसांनी वर्षानुवर्षं एकत्र काम केलेलं होतं. मुंबईत जन्मलेले आमान्सिओ डिसिल्वा 1967 मध्ये लंडनला गेले आणि दोन वर्षांत जो हॅरियट यांच्यासोबत ‘हम दोनो’ ही तबकडी केली, तेव्हा त्या गिटारमध्ये रागाचा जो सहजपणा आहे तो त्यांनी इथूनच नेला होता.

राहिला धंद्याचा मुद्दा. बीटल्सनी 1965 मध्ये गाण्यात सतार घातली, 1967 मध्ये मॉन्टेरीच्या महोत्सवात रविशंकर यांनी अमेरिकेला वेड लावलं, आणि एचएमव्हीला सतारीचा बाजार दिसला. सतार पुढे ठेवण्यामागे हे असणारच. रईस खान यांना मिळालेली जागा पाहता ते लपवण्याचा प्रयत्नही दिसत नाही. पण कंपनीला काय विकायचं होतं आणि वादकांनी काय वाजवलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हेतू धंद्याचा म्हणून वादन खोटं ठरत नाही. मुळात संगीतकारांचं श्रेय कमी करायचा इथे हेतू नाही. राग निवडणं, धून बांधणं, ताफा लहान ठेवणं हे त्यांचे निर्णय आहेत आणि ते उत्तम आहेत. व्हायोलिनवादक आंतोनी गोन्साल्विस यांनी दहा वर्षं आधी, 1958 मध्ये, सेंट झेवियर कॉलेजच्या चौकात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना सोबत घेऊन पाश्चात्त्य वाद्यमेळात राग मांडून दाखवले होते. त्याला प्रतिष्ठा मिळाली पण पुढे पैसा उभा राहिला नाही. शंकर-जयकिशन यांच्या नावाने जे शक्य झालं ते एकट्या वादकाला शक्य झालं नसतं, एवढं मान्य करूनच हा युक्तिवाद पुढे जातो.

पुढे काय झालं ते थोडक्यात. 1971 च्या सप्टेंबरात जयकिशन गेले. या जोडीकडून अशी दुसरी तबकडी झाली नाही. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर राग वाजवण्याचं काम पुढे नेलं, आणि ते सिनेमाच्या आधाराशिवाय. 1978 मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्स वाजवून गेले, आणि भारतीय रागावर जॅझ वाजवणाऱ्यांना जगातल्या वादकांच्या शेजारी व्यासपीठ मिळालं. रईस खान 1980 च्या दशकात पाकिस्तानात स्थायिक झाले आणि 2017 मध्ये कराचीत वारले. स्टुडिओंत 1980 च्याच दशकात सिंथेसायझर आला आणि सत्तर-ऐंशी माणसांचं काम एक माणूस करू लागला. मेळ मोडले, तसा त्यातून छोटा ताफा निवडण्याचा मार्गही बंद झाला. ‘रागा-जॅझ’ आज इंटरनेटवर सहज ऐकायला मिळते; तिथे तिच्या खाली बहुतेक वेळा दोनच नावं दिसतात, शंकर आणि जयकिशन. उरलेली दहा नावं तिथे घालणं हे काही मोठं काम नाही, आणि ते झालं पाहिजे.